पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन काळा घोडा महोत्सव: दोन वर्षांच्या मुलाला घेऊन जमतं का?

जमतं, पण शनिवार-रविवारी नाही. मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून भरतोय. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस, शनिवारपासून पुढच्या रविवारपर्यंत. म्हणजे दोन वीकेंड आलेच, आणि त्या चारही दिवशी दुपारनंतर के. दुभाष मार्गावर अशी झुंबड उडते की बाबागाडीतल्या मुलाला माणसांचे गुडघेच दिसतात. मंगळवार ते गुरुवारमधला दिवस धरा आणि अकरा ते एक या वेळेत रस्त्यावरचं प्रदर्शन उरका. नाटक, संगीत, नृत्य बहुतेक संध्याकाळी असतं, तो नाद सोडा.

नाशिककरांना पंचवटी एक्स्प्रेसच्या वेळा सोयीच्या पडतात: सातच्या सुमारास नाशिकरोड, पावणेअकराच्या आसपास सीएसएमटी, परतीची गाडी संध्याकाळी सव्वासहाला. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग सीटही मिळत नाही. स्वतंत्र सीट हवी तर मोठ्यांचं पूर्ण भाडं भरा. दोघंच पालक असाल तर ते भाडं वसूल होतं, कारण पावणेचार तास मांडीवर बसणारं दोन वर्षांचं मूल अजून जन्माला यायचंय. पासधारकांच्या डब्यात चुकून चढू नका. डायपर इगतपुरीच्या आधी बदला आणि खाऊही तेव्हाच आटपा. पुढे कसारा घाटात बोगदे लागतात, एकदम अंधार होतो, आवाज घुमतो; तोंडात घास असताना मूल दचकलं तर ठसका लागतो. नाशिकला पहाटे स्वेटर-कानटोपी हवीच, पण मुंबईत उतरताच घाम फुटतो. आत सुती कपडे घाला, लोकर कल्याणला उतरवा.

सीएसएमटीहून मेट्रो ३ ने हुतात्मा चौक एकच स्टेशन आहे. लिफ्ट आहे, त्यामुळे बाबागाडी उचलावी लागत नाही. तिथून महात्मा गांधी रस्त्याने दहा मिनिटं चालत. बाबागाडी एका हाताने मिटणारी, अरुंद घ्या. मोठी थ्री-व्हीलर घरी ठेवा, स्टॉलच्या गल्ल्यांत ती वळत नाही.

रस्त्यावरच्या मांडण्या मोठ्या, रंगीत आणि चालत चालत बघायच्या, म्हणून लहानग्यांना त्याच सगळ्यात जास्त रुचतात. तिथला घोड्याचा पुतळाही दाखवा. तो २०१७ मध्ये बसवला, पाठीवर स्वार नाही. सातव्या एडवर्डचा जुना अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि पुढे राणीच्या बागेत गेला. मुलाला अर्थातच फक्त ‘घोडा’ एवढंच पुरतं.

अडचण वेगळीच असते. मुलाचे डोळे जमिनीपासून पाऊण मीटरवर, त्यामुळे मांडणीचा पाया त्याला सगळ्यात आधी दिसतो: वायर, खिळे, दिव्यांचे गरम फोकस, दोरी बांधलेले खुंट. ‘हात लावू नका’ची पाटी मात्र मोठ्यांच्या नजरेला. पाच पावलं अलीकडे थांबा, मुलाला कडेवर घ्या, मग जवळ जा. हस्तकलेच्या स्टॉलवर खालच्या फळीवर मातीच्या वस्तू असतील तर बाबागाडी बाहेरच ठेवा आणि मुलाला खाली सोडू नका. बाबागाडीत बसवून सगळं दाखवण्याचा हट्ट बहुतेक पालक करतात, आणि अर्ध्या तासात रडारड होते ती यामुळेच. वीस मिनिटं बाबागाडी, दहा मिनिटं मोकळ्या जागेत पळू देणं, हा हिशेब बरा.

मुलांच्या कार्यशाळांवर वयाची अट असते, ती नीट वाचा. कात्री-गोंदाच्या कामात दोन वर्षांच्या मुलाला काही मिळत नाही. नावनोंदणी लवकर भरते, हे वेगळंच.

एक वाजला की जहांगीर आर्ट गॅलरीत शिरा. १९५२ ची वास्तू, प्रवेश मोफत, अकरा ते सात उघडी. आत सावली, शांतता, मुलाला झोप लागायला योग्य. पण बाबागाडी पायऱ्यांवरून न्यायची तयारी ठेवा. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट सोमवारी बंद असते, आणि अर्धगोल जिन्यांमुळे बाबागाडीवाल्यांना ती जडच जाते. समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला तिकीट आहे, पण बागेतलं बालसंग्रहालय बघता ते महाग वाटत नाही. उरलेल्या वेळेत ओव्हल मैदानावर पळू द्या. काहींना संग्रहालय आणि महोत्सव दोन्ही एकाच दिवशी हवं असतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाबरोबर ते जमणार नाही.

खाण्याचं: स्टॉलवरचं बहुतेक तिखट, तेलकट. थेपले, केळी, भाताचे मऊ गोळे डब्यात न्या, पाण्याच्या दोन बाटल्या आणि ओआरएसची पुडी. डायपर बदलायला वेगळी जागा मिळेल असं गृहीत धरू नका. घडीची चटई आणि संग्रहालय किंवा स्टेशनचं प्रसाधनगृह हा भरवशाचा मार्ग.

परत निघायला पाचच्या पुढे जाऊ नका. टॅक्सी फोर्टमध्ये अडकते, तेव्हा मेट्रोच बरी. रात्रीचं जेवण गाडी सुटायच्या आधी फलाटावरच द्या. नाहीतर मूल कल्याणच्या अलीकडेच झोपतं आणि नाशिकरोडला उपाशी उठवावं लागतं.