भूपर्यटन गाइड प्रशिक्षणाची पेटी: दहा महिन्यांच्या वापरानंतर

विदर्भातल्या गावांमध्ये भूपर्यटनाचे, म्हणजे दगड, जीवाश्म आणि भूरूपे दाखवणाऱ्या पर्यटनाचे, गाइड तयार करणाऱ्या गटांना हल्ली एक तयार पेटी मिळते. तिच्यात दहा पटीचे भिंग, हातोडा, आम्लाची ड्रॉपर बाटली, कस काढायची फरशी (जिच्यावर दगड घासून उमटणाऱ्या रेघेचा रंग पाहतात), चुंबक, होकायंत्र, पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते दाखवणाऱ्या पीएच पट्ट्या, वीस दगडांचे नमुने आणि लॅमिनेट केलेली मराठी कार्डे असतात. सोबत सहा दिवसांचे वेळापत्रक येते. मे ते फेब्रुवारी असा तिचा वापर झाला, उल्केच्या आघाताने झालेल्या विवराचे लोणार, वरोरा आणि सिरोंचा या तिन्ही बाजूंना. मत सुरुवातीलाच: पेटी घ्यावी, पण आहे तशी वापरू नये. निम्म्या वस्तू विदर्भातला दगड डोळ्यांसमोर ठेवून निवडलेल्याच नाहीत.

सगळ्यात उपयोगी पडले ते भिंग. नवा माणूस ते पेपर वाचायच्या काचेसारखे दगडाजवळ धरतो आणि लांबून पाहतो. त्याला धूसर दिसते, मग तो भिंगालाच दोष देतो. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचे, दुसऱ्या हातातला दगड हळूहळू पुढे आणायचा आणि अडीच सेंटीमीटरच्या आसपास चित्र स्वच्छ झाले की थांबायचे. उजेड दगडावर पडला पाहिजे, तोंडावर नाही. पहिल्या दिवशीचा एक तास फक्त यावर घालवला तर पुढचे पाच दिवस सोपे जातात. वीस किंवा तीस पटीचे भिंग मागवू नका. दिसणारा भाग फार लहान होतो, हात किंचित हलला तरी चित्र जाते आणि स्वस्त भिंगांत कडेला रंगीत झालर दिसते. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते. स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवलेली भिंगे चांगली राहिली, कापडी पिशवीतली दोन गेली.

हातोडा पेटीतून काढूनच टाका, हे ठामपणे सांगावेसे वाटते. गाइडच्या हातात हातोडा दिसला की पर्यटकही दगड उचलून आपटायला लागतात. लोणारला अभयारण्य आहे, तिथून खडाही उचलायचा नाही. जीवाश्मांच्या जागी तर एका घावात जे फुटते ते पुन्हा जोडता येत नाही. ताजा फुटलेला पृष्ठभाग दाखवायचा असेल तर गिट्टी खदानीच्या मालकाला विचारून दोन घमेली तुकडे आणा. त्यात हवे ते सगळे मिळते.

आम्लाच्या बाटलीबद्दल काळजीने लिहितो. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणजे बाजारातल्या तीव्र आम्लाचा एक भाग आणि पाण्याचे साधारण तीन भाग. नेहमी पाण्यात आम्ल ओतायचे, आम्लात पाणी कधीच नाही, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. ड्रॉपरचे रबर तीन-चार महिन्यांत चिरते. वाफ सुटून शेजारच्या भिंगाच्या स्टीलला आणि पिशवीच्या चेनला गंज चढतो. म्हणून आम्ल प्रशिक्षकाकडे, वेगळ्या प्लास्टिक डब्यात. गाइडला स्वयंपाकाचा व्हिनेगर पुरतो. तो सौम्य असल्याने आधी खिळ्याने दगड खरवडून भुकटी करायची आणि मग थेंब टाकायचा.

कार्डावर लिहिले आहे, ‘फसफसला तर चुनखडक’. इथेच गाइड फसतात. आपल्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या, पोकळ्यांत कॅल्साइट हे चुन्याचे खनिज भरलेले असते आणि शेतातल्या दगडावर चुन्याचा पातळ थर बसलेला असतो. दोन्ही फसफसतात, दगड मात्र बेसॉल्टच. थेंब ताज्या पृष्ठभागावर, पोकळ्या टाळून टाकला तर घोटाळा होत नाही. पांढरे दाणे फसफसले नाहीत तर ते बहुधा झिओलाइट (पोकळ्यांत वाढणारे दुसरे खनिज) किंवा गारगोटी. खिळ्याने ओरखडा उठत नसेल तर गारगोटी.

चुंबक आणि होकायंत्र एकाच कप्प्यात दिले आहेत, ही पेटी बनवणाऱ्याची मोठी चूक. निओडिमियमच्या चुंबकाशेजारी काही दिवस राहिलेली सुई बिघडते, कधी उलटीही फिरते. दोघांना वेगवेगळ्या पिशव्यांत, वेगवेगळ्या माणसांकडे द्या. शिवाय बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते. सुई खडकावर टेकवली तर दिशा चुकते, तेव्हा ती कमरेच्या उंचीवर धरून वाचावी. चुंबक दोऱ्याला टांगून काळ्या दगडाजवळ नेला की हलकासा ओढला जातो. हा प्रयोग लोणारला फार कामाचा आहे, कारण तिथे चुंबकाला ओढणारा दगड म्हणजे उल्का असे सर्रास सांगितले जाते. तो साधा बेसॉल्ट असतो.

लोणारच्या कार्डांत दोन दुरुस्त्या करून घ्या. ‘बेसॉल्टमधील जगातील एकमेव आघाती विवर’ हे खोडा. ब्राझीलमध्ये वार्जियाओ आणि व्हिस्ता अलेग्रे ही अशीच विवरे आहेत, पण त्यांची बरीच झीज झाली आहे. लोणारचे मोल त्याच्या टिकून राहिलेल्या आकारात आहे. वय एकच छापले आहे, तेही पुरेसे नाही. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने (तापवल्यावर खनिजातून निघणाऱ्या प्रकाशावरून) सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-आर्गॉन मापनाने (दगडात साठलेल्या आर्गॉन वायूवरून) सुमारे ५ लाख ७० हजार. गाइडने दोन्ही आकडे पद्धतीसह सांगावेत. पर्यटकाला ते पटते आणि गाइडही प्रश्नाला अडत नाही.

लोणारला सर्वांत चांगला पुरावा उपकरणाविना दिसतो. दक्खनच्या लाव्हाचे थर एरवी जवळजवळ आडवे असतात, विवराच्या काठावर मात्र ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. मोबाइलमधले लेव्हल अ‍ॅप पट्टीवर ठेवून कल मोजायला लावा, मग दहा किलोमीटर दूरच्या नाल्यातला आडवा थर मोजायला लावा. हा फरक हाताने मोजलेला माणूस ज्वालामुखीचे तोंड आणि आघाताचे विवर यांत पुन्हा गोंधळत नाही. आघाताने काचेसारखा झालेला फेल्डस्पार, म्हणजे मास्केलिनाइट, भिंगातून ओळखता येत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. तेवढे प्रामाणिकपणे सांगावे.

पीएच पट्ट्या सरोवराचे पाणी दहाच्या आसपास दाखवतात आणि धारेचे, म्हणजे काठावरच्या झऱ्याचे, गोडे पाणी बरेच खाली. पावसाळ्यात आकडा हलतो, म्हणून तारीख लिहावी. डबी उघडी राहिली की पट्ट्या दमट होऊन खोटे रंग देतात.

काळ समजावण्यासाठी पेटीत रंगीत तक्ता आहे. त्याने काही साधत नाही. त्याऐवजी ४५ मीटर ४० सेंटीमीटर नायलॉन दोरी घ्या. एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षे, एक मिलिमीटर म्हणजे एक लाख. एक टोक पृथ्वीचा जन्म, दुसरे आज. चंद्रपूर, वणीचा कोळसा आजच्या टोकापासून अडीच ते तीन मीटरवर, दक्खनचा लाव्हा ६६ सेंटीमीटरवर, आणि लोणार एका हिशेबाने साडेपाच-सहा मिलिमीटरवर, दुसऱ्याने अर्ध्या मिलिमीटरवर. सुती दोरी भिजली की आकसते आणि खुणा सरकतात. गाठी मारू नका, लांबी घटते. रंगाचे पट्टे ओढा. शाळेच्या मैदानावर ही दोरी अंथरली की गावातली म्हातारी माणसेही वाकून पाहतात.

वीस नमुन्यांत संगमरवर आणि ग्रॅनाइट भरपूर, पण दोन लाव्हांच्या मधला तांबडा थर नाही, कामठी वालुकाश्म नाही, मनसरकडचे मँगनीज खनिज नाही. कस काढायची फरशी मँगनीज आणि लोहखनिजासाठीच तर कामाची: मँगनीजचा काळा, हेमॅटाइटचा तांबूस. हे नमुने खाणीतून परवानगीने मिळवा. कागदी चिठ्ठ्या गळतात, पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून त्यावर शाईने क्रमांक घाला. पायराइट असेल तर तो वेगळा ठेवा. दमटपणात तो कुजून आम्ल सोडतो आणि शेजारचे नमुने खातो.

वेळापत्रकातल्या दुपारच्या सहली मे महिन्यात अशक्य आहेत. सकाळी सहा ते दहा शिवार, मग सावलीत नमुने, असे केले तरच माणसे टिकतात. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला मात्र पीक निघाल्यावर जावे. तिथले डायनासोरचे हाडांचे तुकडे आणि अश्मीभूत विष्ठा लामेटा नावाच्या गाळाच्या थरांतून शेतांत वर येतात. याच विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि डायनासोरच्या काळात गवत होते हे २००५ मध्ये जगाला कळले. शेतमालकाला आधी विचारा, उभ्या पिकात पाय नको.

पाठबळासाठी आधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नागपूर कार्यालय आणि नागपूर विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग यांना पत्र द्यावे. नमुन्यांची ओळख तपासून घ्यायला तीच जागा. अभयारण्यात वनविभाग, सिरोंच्याच्या वडधम जीवाश्म उद्यानातही आधी वनविभागच. फक्त तोंडी होकारावर गट नेऊ नका, लेखी परवानगीची प्रत गाइडच्या पिशवीत हवी. ग्रामपंचायत आणि बचत गट सोबत असतील तर पाणी, जेवण आणि शेतमालकांशी बोलणे सुरळीत होते. तज्ज्ञाला एका गटात बारांहून अधिक माणसे देऊ नका, मागचे लोक भिंग न लावताच माना डोलावतात.

एक कार्ड पेटीत नाहीच, ते स्वतः छापून घ्या: शेतात हाडासारखा दगड दिसला तर उचलू नका, धुऊ नका. शेजारी नाणे ठेवून फोटो, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश, गट क्रमांक, मालकाचे नाव, तारीख. मग नागपूरला कळवा आणि जागा पालापाचोळ्याने झाकून ठेवा.