मराठी विकिपीडियावरील लेखसुधारणा : बेळगावच्या पदवी वर्गातला अनुभव

बेळगाव परिसरात मराठीचा अंतर्गत गुणांचा प्रकल्प म्हणजे बहुधा मागील तुकडीच्या वहीवरून उतरवलेला मजकूर असतो आणि गुण दिल्यानंतर तो कपाटात पडून राहतो. त्याऐवजी १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील त्रोटक लेख विद्यार्थ्यांकडून सुधारून घेण्याचे आम्ही ठरवले. ही विनामूल्य सोय मराठीच्या प्राध्यापकांनी अवश्य वापरावी, असे माझे मत आहे.

खाते उघडणे सोपे आहे. मात्र एकाच इंटरनेट जोडणीवरून एका दिवसात सहाच नवी खाती उघडता येत असल्यामुळे ते काम विद्यार्थ्यांना घरून करायला सांगावे. प्रत्येक सदस्याला स्वतःची धूळपाटी मिळते. कच्चा मसुदा तेथे तयार होतो आणि कोणी कोणता शब्द केव्हा बदलला, हे ‘इतिहास’ पानावर दिसते.

या कामात संदर्भाची शिस्त कशी लागते, हे खानापूर तालुक्यातील हलशीच्या लेखावरून स्पष्ट होईल. एका विद्यार्थिनीच्या मसुद्यातील ‘हे अत्यंत सुंदर आणि प्राचीन मंदिर आहे’ हे वाक्य गेले. त्याजागी भूवराह नरसिंह मंदिर, कदंब राजघराण्याची तेथील राजधानी आणि पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेले ताम्रपट यांची साधार माहिती आली. १८८४ च्या बेळगाव गॅझेटियरमधील लोकसंख्या आजची म्हणून देता येत नाही, हेही तिला तेथेच उमगले. स्वतः पाहून आलेली गोष्ट संदर्भ म्हणून चालत नाही, पण स्वतः काढलेले छायाचित्र चालते. शिवाय आमची मुले कन्नड ग्रंथही सहज वाचतात, आणि हे बळ पुण्या-मुंबईच्या बहुतेक वर्गांकडे नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तटस्थ दृष्टिकोनाचा नियम. सीमाप्रश्न ज्यांनी जेवणाच्या पानावर ऐकला आहे, त्या मुलांना महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा आणि कर्नाटकाची भूमिका एकाच परिच्छेदात, कोणाचे म्हणणे कोणते हे स्पष्ट करून लिहावे लागते. आपली बाजू सोडावी लागत नाही, ती पुराव्यानिशी मांडावी लागते. आणि असे लेखन आमच्या भागात फार थोड्यांनी केले आहे.

उणिवाही आहेत. लेखात किती भर पडली, ते ‘इतिहास’ पानावर बाइट या संगणकीय मापात दिसते. देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने तो आकडा फुगलेला असतो, म्हणून त्यावरून गुण देणे अन्यायाचे ठरेल. मराठीत नजर ठेवणारे स्वयंसेवक थोडे असल्यामुळे नवख्याची चूक बराच काळ तशीच राहू शकते. २०११ मध्ये पुण्यातील महाविद्यालयांनी इंग्रजी विकिपीडियासाठी असा उपक्रम केला, तेव्हा इतरांचा मजकूर जसाच्या तसा उतरवण्याचे प्रकार इतके झाले की तो आवरता घ्यावा लागला आणि निस्तरण्याचे ओझे स्वयंसेवकांवर पडले. त्यामुळे प्राध्यापकाने मसुदा धूळपाटीवरच ओळीने तपासावा, सत्राच्या आरंभीच काम सुरू करावे आणि निम्मे गुण लेखाला जोडलेल्या चर्चापानावर बदलाचे कारण नीट मांडण्यासाठी राखून ठेवावेत.