बायपासनंतर परतलेले वजन आणि सेमॅग्लुटाइडचे अकरा महिने

गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन उतरवण्यासाठीची जठराची शस्त्रक्रिया, झाली तेव्हा माझे वजन ११८ किलो होते. दीड वर्षात ते ७४ पर्यंत उतरले, पुढची दोन वर्षे त्याच्याच आसपास राहिले आणि मग महिन्याला कधी किलोभर, कधी काहीच नाही, अशा चोरपावलांनी वाढत सहाव्या वर्षाच्या अखेरीस ९१ वर पोचले. दुसरी शस्त्रक्रिया करायची नाही हे मी ठरवलेले होते. त्यानंतर जे उपाय केले त्यांतला मुख्य म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायचे सेमॅग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन. ते सुरू करून आता अकरा महिने झाले असून आज सकाळी काट्यावर ८०.४ हा आकडा होता. मात्र एवढ्या आकड्यावरून या औषधाची परीक्षा करता येणार नाही, कारण त्याने माझे एक दुखणे जवळजवळ पूर्ण मिटवले आणि दुसऱ्याला हातही लावला नाही.

वजन परतले की रुग्ण पहिला संशय स्वतःवरच घेतो आणि आजूबाजूचे त्याला दुजोरा देतात. जिथे माझी शस्त्रक्रिया झाली होती तिथल्या पहिल्याच भेटीत, आहाराबद्दल एकही प्रश्न विचारण्याआधी, ‘पुन्हा खाणे सुरू झालेले दिसते’ असे वाक्य कानांवर पडले. त्यानंतर आठ महिने मी तिकडे फिरकले नाही आणि तेवढ्या काळात पाच किलो आणखी वाढले. पुढे वाचनात आले की स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते आणि दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली होती. मी हिशेब मांडला, तेव्हा ९१ किलोंवरसुद्धा मी मूळ वजनापेक्षा २३ टक्क्यांनी खाली होते. ज्याला मी स्वतःचे अपयश समजत होते ते सरासरीपासून फार दूर नव्हते. अर्थात गुडघे पुन्हा दुखू लागले होते आणि झोपेतला श्वास पुन्हा अडकू लागला होता, त्यामुळे केवळ या हिशेबावर समाधान मानून बसणे शक्य नव्हते.

नव्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत औषधाचे नावसुद्धा काढले नाही. त्यांनी थायरॉइड, साखर आणि जीवनसत्त्वांच्या तपासण्या लिहून दिल्या, एंडोस्कोपी ठरवली आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे घेऊन यायला सांगितले. बायपासमध्ये जठराचा एक लहानसा भाग पिशवीसारखा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात, आणि हे जोडाचे तोंड काही जणांत वर्षागणिक सैल होत जाते. ते रुंद झाले की अन्न पिशवीत टिकत नाही आणि पोट भरल्याची जाणीव लवकर विरून जाते. अशा वेळी तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून जोडाची कड आर्गॉन वायूच्या उष्णतेने भाजतात आणि मग आतूनच टाके घालून तोंड पुन्हा आवळतात. पोटावर छेद नसतो. या टाक्यांच्या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२२ मध्ये मान्यता दिली. मी मनाने हाच उपाय निवडून गेले होते, कारण वजन परतण्याचा सगळा दोष एका भोकावर ढकलता आला असता तर बरेच सोपे झाले असते. प्रत्यक्षात माझा जोड सुमारे १२ मिलिमीटरचा निघाला. साधारणपणे १५ मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या जोडाला रुंद म्हणतात, त्यामुळे माझ्या बाबतीत आवळायला काही शिल्लकच नव्हते.

पाकिटांनी मात्र काम केले. झोप लागत नाही म्हणून दीड वर्षापूर्वी मला मिर्टाझापीन सुरू झाले होते आणि ते तसेच चालू राहिले होते. या गोळीने भूक आणि वजन वाढते हे सर्वज्ञात आहे, पण ती लिहून देणाऱ्यांना माझा बायपास ठाऊक नव्हता आणि बायपासवाल्यांनी गोळ्यांची चौकशी केली नव्हती. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ती टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. म्हणूनच पुढे जे वजन उतरले त्याचे सारे श्रेय इंजेक्शनच्या पदरात टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

बाकीचे पर्याय थोडक्यात सांगते. काही दिवस केवळ द्रवपदार्थांवर राहून पिशवी ‘पूर्ववत’ करण्याचा प्रयोग मी डॉक्टरांकडे जाण्याआधीच दोनदा केला होता. दोन्ही वेळा दोन किलो पाणी उतरले आणि आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. द्रव प्यायल्याने पिशवीचा आकार बदलत नाही. ऑरलिस्टॅट आहारातल्या चरबीचे शोषण रोखते, पण बायपासनंतर चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे मुळातच कमी शोषली जातात, त्यामुळे ते बाद झाले. लिराग्लुटाइड हे रोज टोचायचे औषध विचारात होते. शस्त्रक्रियेनंतर अपेक्षेइतके वजन न उतरलेल्या ७० जणांवर त्याची चाचणी झाली असून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २४ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी ८.८ टक्क्यांनी आणि औषध नसलेले खोटे इंजेक्शन घेणाऱ्यांचे ०.५ टक्क्याने घटले. रोज टोचून घेण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बरे, असा साधा विचार करून आम्ही सेमॅग्लुटाइड निवडले. त्याची गोळीही मिळते, परंतु ती जठरातच शोषली जावी लागते आणि माझ्या जठराचा बहुतांश भाग अन्नाच्या वाटेवर उरलेलाच नाही. त्वचेखाली दिलेल्या इंजेक्शनला या फेरफाराशी काही देणेघेणे नसते.

पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम आणि पुढे दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ व शेवटी २.४, अशी चढती मात्रा ठरली. रविवारी सकाळी इंजेक्शनचे पेन फ्रिजमधून काढायचे, थोडा वेळ बाहेर ठेवायचे आणि पोटावर किंवा मांडीवर दर वेळी जागा बदलून टोचायचे, एवढाच त्याचा व्याप आहे. टोचण्याचे दुखणे नगण्य असते. पहिल्या दोन महिन्यांत सौम्य मळमळ आणि बऱ्यापैकी बद्धकोष्ठता यांखेरीज काही जाणवले नाही आणि वजनही जेमतेम दीड किलोने हलले.

फरक कळला तो १ मिलिग्रॅमवर गेल्यानंतर, आणि तोही उलट्या बाजूने. कार्यालयात माझ्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक पुडा कायम असायचा आणि दुपारी चारपर्यंत तो संपायचा. एके दिवशी पाच वाजता खण उघडला तर पुडा सकाळी ठेवला होता तसाच होता. मी मोह आवरला नव्हता, तर तो मोह मला झालाच नव्हता. पुढे काय खायचे, किती वाजता खायचे, खाल्लेले जास्त तर झाले नाही ना, अशी जी अखंड कुणकुण कित्येक वर्षे डोक्यात चालू असायची, ती थांबली होती. इतर माणसे दिवसभर अशीच वावरतात की काय, असा प्रश्न पडून मला थोडा मत्सरही वाटला. ज्या भुकेला मी चारित्र्याचा दोष मानत आले होते ती आठवड्याला एका टोचणीने शमते, हे समजणे माझ्यासाठी उतरलेल्या किलोंपेक्षा मोठे होते.

तरीही पाचव्या महिन्यात वजन ८५ वर अडले. आहारतज्ज्ञांनी एक वही करायला लावली, जिच्यात पदार्थ आणि वेळ यांबरोबरच आणखी दोन रकाने होते: भूक शून्य ते दहापैकी किती, आणि बसून खाल्ले की उभ्याने. मला तो उभ्याने-बसून रकाना पोरकट वाटला होता. तीन आठवड्यांनी आम्ही वही उघडली तेव्हा रात्री नऊनंतरच्या ३१ नोंदी सापडल्या. त्यांपैकी २६ उभ्याने खाल्लेल्या होत्या आणि एकीतही भुकेचा आकडा दोनच्या वर नव्हता. भांडी आवरताना, ओटा पुसताना, पाण्याला गेले असताना मी येता-जाता काहीतरी तोंडात टाकत होते, गुरे चरतात तशी. पिशवी लहान असल्यामुळे एका वेळी किती खाता येईल यावर बंधन असते, किती वेळा खाता येईल यावर नसते. शिवाय तोंडात विरघळणारे कुरकुरीत पदार्थ जोडापाशी अडत नाहीत, सरळ घसरत जातात. त्या चरण्याचा भुकेशी संबंध नव्हता, आणि ज्याचा भुकेशी संबंध नाही त्याला माझ्या बाबतीत हे औषध काहीच करू शकले नाही.

त्यासाठी समुपदेशकांकडे आठ बैठका झाल्या. दिवसभराचा थकवा आणि एकटेपणा मी ओट्यापाशी कसा जिरवत होते, याची चर्चा इथे करीत नाही. उपयोगी ठरला तो एक रुक्ष नियम: काहीही खायचे असेल तर ते ताटलीत काढायचे आणि खुर्चीवर बसून खायचे. बंदी कशावरच नव्हती. पण रात्री साडेदहाला चार दाण्यांसाठी ताटली काढायची आणि नंतर ती धुवायची, हा खटाटोप इतका हास्यास्पद वाटे की दहापैकी सात वेळा मी डबा पुन्हा बंद करून झोपायला जात असे. अडलेले वजन त्यानंतर हलले.

आता तक्रारी. २.४ मिलिग्रॅमवर गेल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी घाईघाईने जेवले आणि पुढचे दोन दिवस उलट्यांत गेले. औषधामुळे असे होते असे म्हणून मी घरी पडून राहिले, ही माझी चूक. बायपास झालेल्या माणसाची उलटी औषधाची असू शकते, तशीच ती जोड अरुंद झाल्याची किंवा तिथे व्रण झाल्याचीही असू शकते. आणि उलट्या लांबल्या तर थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, झपाट्याने घटून मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. तीव्र पोटदुखीचेही तसेच आहे. ती पित्ताशयातल्या खड्यांची, स्वादुपिंडाच्या दाहाची किंवा शस्त्रक्रियेनंतर राहिलेल्या फटीत आतडे अडकल्याची असू शकते, म्हणून ती इंजेक्शनच्या खात्यावर टाकून घरी बसू नये, असे डॉक्टरांनी मला जरा कडक शब्दांत सुनावले. माझ्या बाबतीत तपासणीत काही निघाले नाही. मात्रा १.७ वर आणली आणि आजही ती तिथेच आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, कारण ती सुखाच्या वेषात येते. जेवावेसेच वाटत नाही याचा आनंद मी तीन-चार महिने उपभोगला. सातव्या महिन्यात केस मूठमूठ गळू लागले, तेव्हा वहीवरून हिशेब केला तर दिवसाची प्रथिने जेमतेम ४० ग्रॅम निघाली. माझ्यासारख्यांनी किमान ६० ते ८० ग्रॅम घ्यावीत असा सर्वसाधारण दंडक आहे. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप, तेही खाली गेले होते, कारण मळमळते म्हणून लोहाची गोळी मी सोयीस्करपणे विसरत होते. ज्याचे जठर शाबूत आहे त्याने कमी खाल्ले तर त्याचे काही काळ निभते. माझे शोषण आधीच तोकडे आहे, त्यावर भूकही गेली तर दोन्हीकडून कात्री लागते. तेव्हापासून प्रत्येक जेवणात प्रथिने आधी आणि बाकीचे नंतर, लोह व कॅल्शियम सायट्रेट यांत किमान दोन तासांचे अंतर, आणि उतरणाऱ्या वजनात स्नायू जाऊ नयेत म्हणून आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम, असा क्रम लागला आहे. केस दहाव्या महिन्यापासून सावरले आहेत. हे औषध घेणाऱ्या बायपासवाल्याच्या रक्ताची तपासणी दर तीन महिन्यांनी व्हावी असे माझे मत झाले आहे. माझी पहिल्या सहा महिन्यांत एकदाही झाली नाही.

ज्यांच्या कुटुंबात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला आहे त्यांना हे औषध देत नाहीत, आणि गर्भधारणेचा विचार असल्यास ते किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. माझ्याकडे हे दोन्ही प्रश्न नव्हते.

राहिला प्रश्न बंद करण्याचा. शस्त्रक्रिया न झालेल्या लोकांवरच्या एका चाचणीत सर्वांना २० आठवडे सेमॅग्लुटाइड दिल्यानंतर काहींना नकळत खोट्या इंजेक्शनवर नेण्यात आले. पुढच्या ४८ आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे ७ टक्क्यांनी वाढले, तर औषध चालू राहिलेल्यांचे आणखी सुमारे ८ टक्क्यांनी घटले. मला त्याचा छोटा नमुना मिळालाच आहे. नवव्या महिन्यात औषधाचा तुटवडा झाला आणि तीन रविवार कोरडे गेले, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात खणातला पुडा चारच्या आत संपला. रात्रीचे चरणे मात्र परतले नाही. ताटलीचा नियम औषधाविनाही टिकला. हे मी डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी ते कागदावर टिपून घेतले आणि बाराव्या महिन्याच्या तपासण्या आल्या की मात्रा १ मिलिग्रॅमवर आणून पाहू असे सुचवले. गेले नऊ आठवडे काटा ८० आणि ८१ च्या मध्ये आहे, आणि फ्रिजमध्ये १.७ ची दोन पेने शिल्लक आहेत.