'बाप डीएनए क्लिअर' म्हणून पिल्लू विकतायत, रिपोर्ट नीट बघा

पिल्लाचे 38,000 आणि 'बाप डीएनए क्लिअर लाइनचा आहे' (म्हणजे डीएनए टेस्टमध्ये आजाराचा खराब जीन नसलेला) म्हणून वरचे 7,000, असे रोख 45,000 घेतले त्या ब्रीडरने माझ्याकडून, आणि आज माझा चार वर्षांचा कॉकर स्पॅनियल कुत्रा दिवेलागणीला जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबतो, पुढचा पंजा हवेत चाचपतो आणि खाली उतरतच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरचे 2,500 गेले, ते म्हणाले पीआरए आहे, डोळ्याचा पडदा हळूहळू मरतो, आधी अंधारातलं दिसणं जातं मग उजेडातलं, औषध नाही. मग 4,200 भरून त्याची डीएनए टेस्ट केली. रिपोर्ट आला: पीआरसीडी, म्हणजे पीआरएचाच एक प्रकार, अफेक्टेड, म्हणजे आजार आहेच.

आता हा आजार व्हायला आई आणि बाप दोघांकडून खराब जीन यावा लागतो. म्हणजे बाप खरंच क्लिअर असता तर हा अफेक्टेड निघालाच नसता. एकतर रिपोर्ट खोटा नाहीतर बाप दुसराच!

बापाचा तो रिपोर्ट पिल्लू घेताना माझ्या हातात होता हो. नाव, ब्रीड, शिक्का, सगळं जागेवर, फक्त मायक्रोचिप (कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) नंबरचा रकाना कोरा. विचारलं तर म्हणे, "लॅबवाले टाकायला विसरले, सर." तिथल्या तिथे उठायला हवं होतं. पण मुलगी पिल्लू मांडीवरून सोडेना आणि सोबत केसीआयचे (केनल क्लब ऑफ इंडियाचे) कागद, कोणालाही खरंच वाटलं असतं. केसीआयचा कागद वंशावळीचा असतो, डोळ्यांचा नाही.

पोलीस म्हणाले, "कुत्रा जिवंत आहे ना, मग तक्रार कसली?" पशुसंवर्धनवाल्यांनी पोलिसांकडे पाठवलं, पोलिसांनी ग्राहक तक्रारीकडे, आणि तिथला क्लार्क म्हणतो पावती चार वर्षांपूर्वीची, मुदत दोन वर्षांची. अरे पण आजार दिसायलाच तीन-चार वर्षं लागतात, त्यावरच तर असल्या ब्रीडरांचा धंदा चालतो! 2017 च्या नियमाप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, याची आहे का एवढंच विचारलं तर अर्ज द्या, पोच घ्या, नंतर या. तो मात्र त्याच नराची पिल्लं अजून विकतोय.

पिल्लू घेताना आई-बाप दोघांचे रिपोर्ट मागा, निदान एक तरी खरा क्लिअर हवा. स्कॅनर लावायला सांगा, नराच्या अंगातला 15 आकडी नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळला तरच पैसे, तेही रोख नाही. आणि घरी आधीच कॉकर असेल तर टेस्ट केल्याशिवाय मेटिंगला देऊ नका, कॅरिअरला, म्हणजे एकच खराब जीन असलेल्याला, हा आजार कधीच होत नाही, म्हणून नुसतं बघून तो ओळखू येत नाही.