हात अठरा मोजले, वार आठच भरले

पाच नऊवारींत माझे १,७०० रुपये गेले. कुणी खिसा कापून नाही नेले, समोर उभं राहून मोजून नेले. आणि मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलंय.

धाकटीच्या लग्नात मानाच्या पाच नऊवारी द्यायच्या होत्या. हातमागाच्या प्रदर्शनात एक जण थानातून कापून देत होता. भाव ३४० रुपये वार. एक साडी ३,०६० रुपयांना, पाचांचे १५,३००. रोखच द्या म्हणाला. (तिथेच उठायला हवं होतं. तुम्ही तरी उठा.)

मीटरपट्टी गल्ल्याशेजारी पडलेली होती. तिने मोजा म्हटलं तर म्हणे, "काकू, पट्टीवर हातमागाचं कापड ताणलं जातं, नुकसान तुमचंच. आपलं जुनं माप बरं." दोन हातांचा वार, अठरा हातांची नऊवारी. मनातल्या मनात ताळा केला, बरोबर आला. हिशोब तपासला, हात नाही तपासला!

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, १८ इंच. हा गडी कापड अंगठ्याच्या चिमटीत धरायचा, बाकीची बोटं दुमडलेली. वन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी, याचा हात आखूड पडतोय का हो?" मी काय म्हणावं? "असू द्या, मागे लोक खोळंबलेत." हे वाक्य अजून रात्री आठवतं. पण लग्नाच्या घाईत कुणाचं डोकं ठिकाणावर असतं, सांगा.

लग्नाच्या सकाळी विहीणबाईंचा काष्टा मागे खोचायला पुरेना. नंतर टेप लावली. ८.२३ मीटर हवं, भरलं ७.३२. हातामागे २ इंच चोरलेले, अठरा हातांत ३६, म्हणजे बरोब्बर एक वार. इतकं नि:शेष उदाहरण मी परीक्षेतसुद्धा घातलं नव्हतं.

वजनमापांच्या कचेरीत गेले. बिल बघून साहेब म्हणाले, "यावर 'हात' लिहिलंय. हात हे आमच्याकडे मापच नाही. मीटरचं बिल असतं तर बघितलं असतं." अहो, माप नाही म्हणून तर तक्रार! प्रमाणित माप सोडून भाव सांगायलाच २००९ च्या कायद्यात मनाई आहे. हे मी त्यांना सांगायचं? अर्ज ठेवा म्हणाले. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगमध्ये, तिसऱ्या खेपेला दौऱ्यावर, तोवर प्रदर्शनाचा मांडवही उठला. चौकीतला हवालदार हसलाच, "सतराशेसाठी, आजी?" रिक्षाचे २६० रुपये वेगळे.

पट्टी लावायला कां-कूं करणाऱ्याकडे कापड घेऊ नका. बिलावर मीटरच लिहून घ्या, वार नको नि हात तर नकोच. आणि घरी लग्न आहे हे दुकानात बोलू नका.

वन्सं मला काही बोलल्या नाहीत. परवा गजरा घेताना मात्र त्यांनी फुलवालीसमोर आधी आपला हात कोपरापासून लांब करून धरला.