पॅरिस २०२४चा शुभंकर फ्रीझ: बाहुली घ्यावी का?

फ्रेंच राज्यक्रांतीतली लाल टोपी म्हणजेच हा फ्रीझ. टोपीचाच आकार असल्यामुळे भरण सगळं वरच्या झुकत्या टोकात आणि खाली बारीक पाय. बाहुली आधाराशिवाय नीट उभी राहत नाही, फळीवर टेकवूनच ठेवा. ऑलिम्पिकचा आणि पॅरालिम्पिकचा असे दोन फ्रीझ आहेत, त्यातला पॅरालिम्पिकचा घ्या. त्याच्या एका पायाच्या जागी दिव्यांग धावपटू लावतात तसं पात्याच्या आकाराचं कृत्रिम पाऊल आहे, कल्पना तिथेच खरी खुलते. मळली तर सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. पिळलीत तर भरणाचे गोळे होऊन टोक लुळं पडतं. जुनी घेताना शिवलेलं लेबल आधी बघा, उत्पादनाचा देश तिथे कळतो. बहुतेक बाहुल्या चीनमध्ये बनणार म्हटल्यावर फ्रान्समध्ये गदारोळ झालाच होता! फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतात शिवलेली मिळाली तर दोन पैसे जास्त मोजायला हरकत नाही.