कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’: टोन पोएटची मोनो घ्यावी की स्टीरिओ?

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची ‘ब्लू ट्रेन’ रेकॉर्डवर घ्यायची ठरवली की ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीच्या टोन पोएट मालिकेतल्या दोन आवृत्त्या समोर येतात. दोन्ही सप्टेंबर २०२२ मध्ये निघाल्या. दोन्हींच्या कव्हरवर तोच निळ्या छटेतला, विचारात बुडालेला कोल्ट्रेन. एकीत एकच रेकॉर्ड आहे, मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच चॅनेलमध्ये. दुसरीत दोन आहेत, स्टीरिओ, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या दोन चॅनेलमध्ये वाटलेला, आणि त्यातल्या दुसरीवर रेकॉर्डिंगच्या दिवशी वाजवून बाजूला ठेवलेले टेक, म्हणजे त्याच रचना पुन्हा पुन्हा वाजवलेल्या. माझ्याकडे दोन्ही आहेत. आमच्या जॅझ ऐकणाऱ्या मंडळींत त्यांच्यावरून इतके वाद झालेत की आता सविस्तर लिहावं असं वाटलं. एकच घेणं परवडत असेल तर मोनो घ्या. बाकी सगळं या एका वाक्याची कारणं.

आधी त्या दिवसाबद्दल. १५ सप्टेंबर १९५७, हॅकेनसॅक, न्यू जर्सी. मी याच राज्यात राहते, त्यामुळे मला या रेकॉर्डिंगबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे. रूडी व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर द्यायचा आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतंत्र स्टुडिओ बांधला, पण ‘ब्लू ट्रेन’ झाली ती दिवाणखान्यातच. कोल्ट्रेनला एकतीस पूर्ण व्हायला आठवडा होता. ट्रम्पेटवर ली मॉर्गन, वय १९. ट्रॉम्बोनवर कर्टिस फुलर, पियानोवर केनी ड्रू, बेसवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर फिली जो जोन्स. चेंबर्स आणि फिली जो यांनी माइल्स डेव्हिसच्या गटात कोल्ट्रेनला आधीच साथ केलेली होती, आणि ती सवय ऐकू येते.

कोल्ट्रेन तेव्हा प्रेस्टिज कंपनीशी करारबद्ध होता. ब्लू नोटसाठी स्वतःच्या नावावर त्याने केलेली ही एकमेव रेकॉर्ड. ब्लू नोटची एक पद्धत होती, कलाकारांना तालमीचेही पैसे द्यायचे. पाच रचनांपैकी चार कोल्ट्रेनच्या स्वतःच्या आहेत, आणि ‘मोमेंट्स नोटिस’सारखी भराभर कॉर्ड बदलणारी अवघड चीज तिघं वादक एका श्वासात उचलतात, तेव्हा त्या तालमीचं मोल कळतं. आयत्या वेळी जमलेल्या लोकांकडून हे असं होत नाही.

आता मोनो-स्टीरिओचा मुद्दा. १९५७ साली घराघरात स्टीरिओ नव्हता. स्टुडिओत मात्र त्या दिवशी दोन टेप मशिनं चालू होती, एक मोनोसाठी आणि एक दोन ट्रॅकच्या स्टीरिओसाठी. म्हणजे ही मोनो आवृत्ती स्टीरिओचे दोन ट्रॅक मागाहून एकत्र करून बनवलेली नाही, ती त्या दिवशीच्या स्वतंत्र टेपवरून आली आहे. व्हॅन गेल्डर त्या काळात समतोल ठरवायचा तो मोनोत ऐकून. त्याच्या कानाला जे पटलं ते मोनोत आहे. स्टीरिओ ही तेव्हा पुढची सोय म्हणून धरून ठेवलेली गोष्ट होती.

ऐकताना याचा फरक कुठे पडतो? पहिली सुई टेकवा आणि ‘ब्लू ट्रेन’ची सुरुवात ऐका. तीन वाद्यं मिळून ती दोन-चार स्वरांची हाक देतात, आणि पियानो-बेस-ड्रम्स तिला उत्तर देतात. मोनोत ही हाक एका देहातून आल्यासारखी येते. कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन एकमेकांत मिसळून जाड, थोडा खरखरीत, तांब्यापितळेचा असा एक चौथाच आवाज तयार होतो. स्टीरिओत तीच वाद्यं दोन बाजूंना वाटली जातात. कोण कुठे उभा आहे ते कळतं, पण तो चौथा आवाज पातळ होतो. या रचनेचा जीव त्या एकत्र हाकेत आहे, म्हणून मला ही तडजोड मान्य नाही.

इथल्याच एडिसन गावी एका मित्राच्या बेसमेंटमध्ये आम्ही जमतो. तिथे दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ लावल्या, आवाजाची पातळी जुळवून, कुठली लावलीय ते न सांगता. आमच्यात एक निवृत्त ट्रम्पेट शिक्षक आहेत, सत्तरी ओलांडलेले. ते स्टीरिओच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं असं की मॉर्गनचा सोलो सुरू झाल्यावर मागे फिली जोच्या सिंबलवर जे बारीक काम चाललंय ते स्टीरिओत सुटं ऐकू येतं. हे त्यांचं बरोबर आहे, मीही ते मान्य केलं. मॉर्गन मधेच येतो आणि बेस-ड्रम्स एकदम दुगुनीत जातात, ती जागा स्टीरिओत आरशासारखी लख्ख दिसते. पण त्याच्या आधी, कोल्ट्रेन सोलो घेत असताना मागून ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन त्याला छोट्या रिफ, म्हणजे तीच तीच आखूड सुरावट, देऊन पुढे ढकलतात, तेव्हा मोनोत अंगावर काटा येतो. बाराबारा बारचं आवर्तन, प्रत्येक आवर्तनात तो थोडा अधिक पेटतो, आणि मागचे दोघं त्याला खाली बसू देत नाहीत. आमच्यातला एक नाशिकचा मुलगा, किशोरीताईंचं गाणं ऐकत वाढलेला, जॅझमध्ये अगदी नवा, तिथे नकळत ‘वा!’ म्हणाला. लावलेली मोनो होती.

कारागिरीबद्दल. टोन पोएट मालिका २०१९ ला सुरू झाली. तिची सूत्रं जो हार्ली यांच्याकडे आहेत आणि मास्टरिंग, म्हणजे टेपवरचा आवाज रेकॉर्डसाठी तयार करण्याचं काम, केव्हिन ग्रे करतात, मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून, मधे कुठे डिजिटल पायरी न आणता. रेकॉर्डी १८० ग्रॅमच्या, कॅलिफोर्नियात आरटीआयच्या कारखान्यात दाबलेल्या. कव्हर जाड पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवण्याच्या जुन्या पद्धतीचं, पुस्तकासारखं उघडणारं, आत फ्रान्सिस वुल्फची छायाचित्रं. वुल्फ ब्लू नोटचा भागीदार आणि छायाचित्रकारही. या चित्रांत घामाने चमकणारी कपाळं आहेत, अर्धवट जळालेल्या सिगारेटी आहेत, आणि माणसं काम करताना जशी दिसतात तशी दिसतात. मी रेकॉर्ड वाजत असताना ती बघत बसते.

आधी माझ्याकडे २००३ ची सीडी होती, व्हॅन गेल्डरने स्वतः पुन्हा मास्टर केलेली. ती मी अनेक वर्षं प्रेमाने ऐकली. पण तिच्यात ट्रम्पेट टोचतो, मोठ्या आवाजात अर्ध्यापर्यंत येतानाच कान थकतात. टोन पोएटमध्ये मॉर्गनचा ट्रम्पेट धारदार आहे पण बोचत नाही, आणि चेंबर्सच्या बेसची तार कुठे सुटली ते कळतं. ‘मोमेंट्स नोटिस’मध्ये चेंबर्स बो (गज) घेऊन सोलो वाजवतो. सीडीवर तो भाग मला नुसता गुरगुरल्यासारखा वाटायचा. इथे तारेवर घासणारा बो ऐकू येतो, त्याचा दाब वाढतो-कमी होतो तोही. केवळ त्या मिनिटभरासाठी मी ही रेकॉर्ड पुन्हा घेईन.

पियानोबद्दल मात्र अपेक्षा आवरत्या ठेवा. व्हॅन गेल्डरचा त्या काळातला पियानो बंद पेटीतून यावा तसा येतो, आणि त्याला कुठलंही मास्टरिंग उघडू शकत नाही. ‘आय’म ओल्ड फॅशन्ड’ ही यातली एकमेव परकी चीज, जेरोम कर्नची. तिच्यात केनी ड्रूचं नाजूक काम आहे आणि तिथे हे जास्त जाणवतं.

मग स्टीरिओचा संच कोणी घ्यावा? ज्यांना वाद घालायला आवडतं त्यांनी. दुसऱ्या रेकॉर्डवर सात टेक आहेत, काही अपुरे, आणि त्यातले चार त्याआधी कधीच बाहेर आले नव्हते. सोबत पुस्तिका आहे, अ‍ॅशली कान यांचा लेख आहे. आपण सगळे ऐकत आलोय तो ‘ब्लू ट्रेन’ हा नववा टेक. पण त्यातला पियानोचा सोलो आठव्या टेकमधून कापून जोडलेला आहे. या संचात आठवा टेक पूर्ण आहे, म्हणजे तो सोलो त्याच्या मूळ जागी ऐकता येतो. आमच्या बेसमेंटमध्ये यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. जोड ऐकू येतो का? मला येत नाही. ट्रम्पेटवाल्या काकांना येतो, ते सोलो सुरू होण्याच्या किंचित आधी बोट वर करतात. पण दोन टेक लागोपाठ ऐकल्यावर एक गोष्ट सगळ्यांनाच पटली, की निवडणाऱ्यांचा कान पक्का होता. आठव्यात कोल्ट्रेन चांगलाच वाजवतो, नवव्यात तो काहीतरी सांगायला आलेला असतो.

‘लेझी बर्ड’चे दोन जादा टेकही आहेत, त्यात मॉर्गन मूळ धून थोडी वेगळी वळवून पाहतो. अभ्यास म्हणून सुंदर. पण घरी संध्याकाळी स्वयंपाक आटोपून मी जे लावते ते मोनो, पहिली बाजू, दहा मिनिटं त्रेचाळीस सेकंदांचा तो पहिला तुकडा.

मूळ १९५७-५८ ची छपाई, बीएलपी १५७७ या क्रमांकाची, हवी असणारे संग्राहक आहेत. लेबलवर ब्लू नोटचा ४७ वेस्ट ६३ वा रस्ता हा पत्ता, लेबलावरच गोल खोल खाच, आतल्या कोऱ्या पट्ट्यात ‘आरव्हीजी’ (रूडी व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं) आणि ज्याला संग्राहक ‘कान’ म्हणतात ती प्लास्टीलाइट कारखान्याची खूण, एवढं सगळं जुळलं तर किंमत हजारो डॉलरमध्ये जाते. मला त्या लोकांबद्दल आदर आहे, त्यांच्यामुळेच ही माहिती टिकली. पण त्या पैशात माझी सबंध भिंत भरते, आणि ६५ हून अधिक वर्षांचे ओरखडे ऐकावे लागत नाहीत.

घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मोनो रेकॉर्डला वेगळं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) लागतंच असं नाही, नेहमीचं स्टीरिओ कार्ट्रिज चालतं. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘मोनो’चं बटण असेल तर ते दाबा, खरखर बरीच कमी होते, कारण सुईच्या वरखाली हालचालीतून येणारा आवाज दोन चॅनेलमध्ये उलटसुलट असतो आणि एकत्र केला की कटतो. आणि ऑनलाइन मागवताना मोनो की स्टीरिओ ते विक्रेत्याला विचारून घ्या. कव्हरचं चित्र एकच असल्याने एका दुकानाने आमच्या एका मित्राला मोनोऐवजी दोन रेकॉर्डींचा संच पाठवला होता, त्यावर कोपरा चेपलेला. त्याने तो परत केला नाही, त्यामुळेच आम्हाला आठवा टेक पहिल्यांदा ऐकायला मिळाला.